बत्तीस चित्रांची खंडेनवमी

दोहा,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२०

ती. बाबांना,

नमस्कार. घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर फोनसारखा तोही वाजू द्या.

आमच्या बिल्डिंगमधला शहाजी सुट्टीवरून परत आला आणि तुमचं पार्सल देऊन गेला. चिवडा, मनुका, गोडा मसाला, अनयसाठी शाईचं पेन, सगळं पोचलं. प्रत्येक पुडीवर तुमच्या अक्षरात नाव, दोऱ्याची गाठसुद्धा तुमची. आणि तळाशी वहीचं एक पान. त्यावर एवढंच: ‘नसरुद्दीन परत आला का?’

ना ‘चि. नमितास’, ना आशीर्वाद. मसाल्याच्या पुडीवर चार ओळी (‘उन्हात ठेवून मग बरणीत भरणे’) आणि लेकीला चार शब्द. तीन महिने होत आले, मी दर शुक्रवारी फोन करते. शेजारच्या काकू उचलतात आणि म्हणतात, बाबा झोपलेत. सकाळी दहाला? छापखान्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस दिवसा कधी आडवा झालेला मी पाहिला नाही. काकूंना तरी खोटं बोलायला लावू नका, त्यांना ते जमत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. पण आधी माझं ऐकून घ्यावं लागेल. फोनवर ऐकलं असतंत तर एवढं लिहावं लागलं नसतं.

घरचं ठीक आहे. अनयची दहावी तोंडावर आली आहे. अभ्यास कमी आणि फुटबॉलच्या गप्पा जास्त. मी मराठीत ओरडते, तो इंग्रजीत उत्तर देतो. तुमच्या जावयाला, गुरुप्रसादला, बढती मिळाली. आपल्या बिल्डिंगसमोरचा रस्ता तुम्ही होतात तेव्हा खणलेला होता, तो अजून खणलेलाच आहे. वर्ल्डकपच्या आधी होईल म्हणतात. इथे सगळंच वर्ल्डकपच्या आधी होणार आहे, इन्शाल्ला.

चित्रांचा लिलाव अठरा मार्चला आहे, लंडनला. कॅटलॉग छापून आला. तुम्हाला दाखवला असता तर तुम्ही आधी कागद चिमटीत धरून त्याचं वजन सांगितलं असतंत, मग शाई. छपाई चांगली आहे. ‘आधुनिक ब्रिटिश चित्रं, कतारमधील एका खाजगी संग्रहातून’ असं वर लिहिलंय. आमच्या व्हिटकमसाहेबांनी तीस वर्षांत जमवलेली बत्तीस चित्रं, आणि त्यातली सत्तावीसच लिलावात. तुम्ही ज्याच्यासमोर उभे राहून ‘हा समुद्र थंड आहे’ म्हणालात, ते त्यात नाही. गिरणीची पाळी सुटल्याचं चित्र आहे. ते बघून तुम्ही विचारलं होतंत, ‘एवढी माणसं निघालीत, एकाच्याही हातात डबा कसा नाही?’ त्या चित्राखाली बारीक अक्षरात छापलंय: मागील बाजूस लालसर डाग, कारण अज्ञात.

कारण अज्ञात. नाशिकच्या भद्रकालीतल्या दुकानातलं कुंकू, पुडी तुमच्या सदऱ्याच्या खिशात, आणि कारण अज्ञात. ते वाचून मी कॅटलॉग भिंतीवर फेकला. अनय खोलीतून बाहेर येऊन बघून गेला.

आता मला सांगा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं का? खंडेनवमीला सकाळी तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर पाट मांडलात. गुरुप्रसादनं त्याचं साइटचं हेल्मेट ठेवलं, अनयनं लॅपटॉप, आणि तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, ‘नमे, तुझी हत्यारं कुठली?’ मी म्हटलं, मला कसली हत्यारं, मी दुसऱ्याची चित्रं सांभाळते. तुम्ही म्हणालात, ‘मग तीच. ज्याच्यावर आपलं पोट, ते हत्यार.’ मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आहे, संपलं. मला काय माहीत तुम्ही पुडी खिशात टाकून निघालात.

आणि तुम्हाला समैस्माला, साहेबांच्या घरी नेलं तेच चुकलं. परक्या माणसाला त्या घरात न्यायची परवानगी नव्हती. पण साहेब लंडनला गेले होते, घरात फक्त मी आणि पॅकिंग कंपनीचा नसरुद्दीन. नऊ वर्षं मी तिथे काम करते आणि माझ्या घरच्या एकाही माणसानं ते काम पाहिलं नव्हतं. गुरुप्रसादला वाटतं मी धूळ पुसते. म्हणून नेलं. हौस माझी होती, मान्य.

त्या दिवशी तुमचं बघून झाल्यावर सगळी चित्रं उतरवून हॉलच्या भिंतींना उलटी टेकवली होती. मागच्या बाजूचे फोटो नुकतेच काढून झाले होते, लिलावाला ते लागतात. मी लंडनच्या फोनवर चाळीस मिनिटं आत अडकले. आणि बाहेर तुमची आणि नसरुद्दीनची गट्टी जमली, कारण तो मालेगावचा निघाला. जगात कुठेही जा, तुम्हाला नाशिक जिल्हा भेटतोच. यंत्रमागाचं बोलत होतात, तुमच्या मशीनचं बोलत होतात. ‘मशीनला कुंकू लावल्याशिवाय आम्ही खंडेनवमीनंतर पहिला कागद चढवत नसू,’ हे तुमचं वाक्य मला फोनवर असतानाही ऐकू येत होतं.

मी बाहेर आले तेव्हा तुम्ही एकोणतिसाव्यावर होतात. ओणवं होऊन, एका हातानं गुडघा धरून, करंगळीशेजारच्या बोटानं कोऱ्या कॅनव्हासवर आधी हळद, मग ओलं कुंकू. आणि नसरुद्दीन शेजारी पाण्याची वाटी धरून उभा. मला बघून तो म्हणाला, ‘मॅडम, मी बाबांना बोललो, मागंच लावा, पुढं नको.’ त्याच्या परीनं त्यानं काळजी घेतली होती. तुमच्या परीनं तुम्हीही.

कोरडं लावलं असतंत तर झटकलं गेलं असतं, बाबा. ओलं लावलंत. आणि हल्लीच्या कुंकवात रंग असतो, तो कापडात शिरतो. पाच चित्रांवर रंगाचा थर पातळ होता, तिथे ते पुढे आलं. तुमच्या त्या थंड समुद्रावरच्या करड्या आभाळात गुलाबी टिकली उगवली. तो चित्रकार मेला त्याला चाळीस वर्षं झाली. त्याला विचारायची सोय नाही.

मी हे सगळं तुम्हाला नोव्हेंबरमध्ये ओरडून सांगितलं होतं, तुम्ही मान खाली घालून ऐकलं होतंत. अक्कल गहाण टाकली होती का, असंही म्हणाले. सख्ख्या बापाला. त्याची माफी या पत्रात कुठेतरी मागीन, अजून मागावीशी वाटत नाही.

पण एक सांगितलं नव्हतं. गुरुप्रसादलाही नाही. तुम्ही पाहिलं होतंत की नाही, ते मला माहीत नाही, कारण तुमची पाठ होती. तुम्ही उरलेली तीन चित्रं संपवून पुढे जाऊन डोळे मिटून उभे राहिलात, तेव्हा मीही हात जोडले.

मी तुम्हाला थांबवलं नाही. एकोणतिसाव्यावर थांबवू शकले असते, तीस, एकतीस, बत्तीस वाचली असती. त्याच दिवशी साहेबांना फोन केला असता तर माणूस बोलावून बाकीचीही साफ झाली असती. कळत होतं मला, नऊ वर्षं दुसरं काय शिकले? पण नऊ वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की तुझी हत्यारं कुठली. तुम्ही विचारलंत, आणि गुडघे दुखत असताना ओणवे होऊन बत्तीस वेळा उत्तर दिलंत. मला भरून आलं. मी म्हटलं, मागे तर आहे, कोण बघणार. नसरुद्दीनला म्हटलं, फोटो काढून झालेत ते बरं, आता गुंडाळ. त्यानं गुंडाळलं. ओलं होतं तसंच गुंडाळलं, मी सांगितलं म्हणून.

तेव्हा नाकानं कांदे सोलायचा हक्क मला नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्हालाही नाही.

नोव्हेंबरमध्ये लिलाववाल्यांची बाई आली, खोकी उघडली, आणि चित्रं उलटी केल्यावर तिचा चेहरा उतरला. साहेबांनी आम्हाला हॉलमध्ये उभं केलं. मी, नसरुद्दीन, आणि त्याचा सुपरवायझर मजीद. बाई विचारत होती, ही बुरशी आहे का, गंज आहे का, रक्त आहे का? साहेब म्हणाले, चित्रांना हात कुणी लावला? माझ्या नोंदवहीत त्या दिवशी एकच नाव होतं, नसरुद्दीनचं. तुमचं कसं असणार, तुम्ही तिथे नव्हतातच.

त्या हॉलमध्ये आम्ही तिघं हिंदुस्थानी होतो, बाबा. मजीद हैदराबादचा. तिघांनाही कुंकू कळत होतं. लहान पोराला कळलं असतं. आणि तिघंही मूग गिळून उभे. मजीदला कंत्राट टिकवायचं होतं. मला काय टिकवायचं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि नसरुद्दीननं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मी नोंदवहीकडे बघितलं. मग तो साहेबांना म्हणाला, ‘सर, आय डोन्ट नो.’

पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसावर कुंकवाचा आळ. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि चोराच्या हातात नोंदवही होती.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चपला घालायला लागलात. ‘मला ने त्या साहेबाकडे. मी सांगतो, मी लावलं.’ गुरुप्रसाद म्हणाला, बाबा, बसा, हा परदेश आहे, पोलीस केस होईल, हिची नोकरी जाईल, अनयचं दहावीचं वर्ष आहे. तुम्ही म्हणालात, ‘त्याला पोरं नाहीत का?’ त्याला दोन मुली आहेत हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत नव्हतं. नऊ महिने तो माझ्याबरोबर काम करत होता, आणि तुम्हाला ते चाळीस मिनिटांत कळलं होतं.

मग तुमचं तिकीट चोवीस तारखेचं होतं ते मी चौदाचं केलं. एअरपोर्टच्या रस्त्यावर तुम्ही एकच वाक्य बोललात, ‘नमे, गाडी वळव.’ मी म्हटलं, इथे यू टर्न नाही. होता. दोन होते.

म्हणून तुम्ही बोलत नाही. कळतं मला. पण राग येतो. कारण नाशिकला बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. तुम्हीसुद्धा तिथून पत्र लिहू शकला असतात साहेबांना. इंग्रजी येतं तुम्हाला, प्रुफं वाचायचात. का नाही लिहिलंत? मी सांगते. तुम्ही माझी वाट बघत होतात. मुलीनं आपणहून करावं म्हणून तिकडे तोंड बंद करून बसलात, आणि तोवर नसरुद्दीन मालेगावात बसला. तुमचं ते संस्कार करणं त्याला किती महाग पडलं, याचा विचार केलात?

हे लिहिलं ते खोडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. नसरुद्दीन परत आला नाही. तुम्ही गेलात त्याच्या आठव्या दिवशी त्याचा व्हिसा कॅन्सल करून त्याला पाठवला. बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पमधून बसमध्ये बसवायच्या आधी त्यानं मला फोन केला होता. मला वाटलं, शिव्या देईल. त्यासाठीच उचलला. तो म्हणाला, ‘मॅडम, मी निघालो. बाबांना माझा सलाम सांगा. त्यांचे गुडघे कसे आहेत?’ मुशैरिबच्या एका नव्या हॉटेलात चित्रं लावायचं काम त्याला मिळणार होतं, थेट हॉटेलचा माणूस म्हणून. वर्ल्डकपपर्यंत काम ही काम है, असं सगळ्यांना सांगत फिरायचा. त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

तो सलाम मी तीन महिने तुम्हाला पोचवला नाही. तुम्ही फोन उचलत नव्हतात हे खरं, पण उचलला असतात तरी मी सांगितलं नसतं.

तुमची चिठ्ठी फ्रिजवर लावली होती. का लावली ते विचारू नका. अनयनं वाचली. त्याला मराठी वाचता येत नाही असं मी समजत होते. अक्षर अक्षर जुळवून वाचली आणि विचारलं, ‘हू इज नसरुद्दीन?’ मी सांगितलं. सगळं. त्यानं ऐकून घेतलं, आणि मग मराठीत विचारलं, ‘म्हणजे तो माझ्या परीक्षेसाठी गेला?’ त्याचं व्याकरण नेहमी चुकतं, यावेळी चुकलं नाही.

परवा गुरुवारी समैस्माला गेले. गुरुप्रसादला सांगून गेले. तो म्हणाला, कर काय करायचं ते, मग गाडीची किल्ली हातात दिली. साहेबांचं स्टेडियमच्या छताचं काम संपलं, ते घर आवरतायत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माझ्या वडिलांना परवानगीशिवाय मी आणलं. माझ्यासमोर त्यांनी कुंकू लावलं. मी थांबवलं नाही. ओलं असताना गुंडाळायला मी सांगितलं. नसरुद्दीनचा काही दोष नाही, आणि त्या दिवशी मला हे माहीत होतं.

मला वाटलं साहेब आता भडकतील. त्यांनी वही ओढली आणि विचारलं, ‘त्यात नेमकं काय असतं? हळद आणि चुना की रासायनिक रंग? लंडनमध्ये साफ करणाऱ्याला ते कळलं तर बरं होईल.’

माणसाबद्दल एक शब्द नाही. डागाचं कारण कळलं, खलास. मी म्हटलं, सर, तुमच्या पाच चित्रांचं मला वाईट वाटतं, मरेपर्यंत वाटेल. पण त्या माणसाचं आधी लिहा. ते म्हणाले, तो त्याच्या कंपनीचा प्रश्न आहे, आणि कॅटलॉगही छापून झालाय. मी खुर्ची ओढून बसले. नऊ वर्षांत त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते. म्हटलं, लिहून द्या, तोवर मी इथून हलत नाही. पाऊण तास बसले. माझा आवाज चढला होता, माळी खिडकीतून डोकावून गेला. शेवटी त्यांनी कंपनीला मेल लिहिली, तीन ओळींची. नसरुद्दीनवर ठेवलेला ठपका चुकीचा होता, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, बरं. इथल्या सवयीनं आभाराचं शुक्रन म्हणून निघाले.

मजीदला फोन केला. तो म्हणतो, मॅडम, फाइल बंद झाली. मग म्हणतो, मेल आली असेल तर बघू, नवा व्हिसा निघायला दोन-तीन महिने, इन्शाल्ला. मी त्याला म्हटलं, इन्शाल्ला नको, तारीख सांग. तारीख तो सांगत नाही. मी रोज फोन करणार आहे. आता मला वेळच वेळ आहे.

हे पत्र उद्या एक ओळखीची नर्स वसईला घेऊन जातेय, तिथून कुरियर करेल. मी बावीस तारखेला, शनिवारी सकाळी नाशिकला पोचते. मालेगावची गाडी तुम्ही बघून ठेवा. तुम्ही बरोबर चला, पण आत आधी मी जाणार. त्याला कळवू नका. दार लावून घ्यायचं असेल तर माझ्या तोंडावर लावू दे, तो हक्क त्याचा आहे. साहेबांच्या मेलची प्रत आणि मी सही केलेला कबुलीजबाब बरोबर आणते. उद्या कुठल्या कंपनीनं विचारलं तर त्याच्याकडे कागद हवा. आणि त्याच्या मुलींची नावं तुम्हाला माहीत असतील तर मला आधी सांगा. मला तिथे जाऊन विचारायला लाज वाटेल.

आणखी एक. साहेबांना मी सगळं सांगितलं, असं वर लिहिलंय. ते खरं नाही. पाण्याची वाटी कुणी धरली होती, ते मी सांगितलेलं नाही. साहेबांना नाही, गुरुप्रसादला नाही, अनयलाही नाही. कबुलीजबाबातही नाही. त्यात लिहिलंय की वाटी माझ्या हातात होती. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगायचं. आयुष्यात खोटं बोलला नाहीत म्हणून मिरवता, हे एक बोला. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी.

आलेली पत्रं तारेत ओवून ठेवायची तुमची सवय आहे. आईची, काकांची, माझी हॉस्टेलची, सगळी त्या तारेत आहेत. हे त्यात ओवू नका. वाचून झालं की चुलीत घाला, आणि शनिवारी दार तुम्ही उघडा.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमचीच
नमी